कॅनडाला स्वातंत्र्यदिन का नाही?

प्रश्न : आपल्या १५ ऑगस्टसारखा कॅनडाचा स्वातंत्र्यदिन कोणता? १ जुलैला तेथे काय साजरे होते?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : कॅनडाला असा एकच स्वातंत्र्यदिन नाही, कारण तेथे स्वातंत्र्य टप्प्याटप्प्याने आले. १ जुलै १८६७ रोजी ब्रिटिश संसदेच्या कायद्याने ऑन्टारिओ, क्वेबेक, नोव्हा स्कॉशिया आणि न्यू ब्रन्सविक यांचे संघराज्य झाले, त्याचा हा दिवस; परराष्ट्र व्यवहार मात्र लंडनच्याच हाती राहिला. १९३१च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने कॅनडाची संसद स्वतंत्र झाली, तरी घटनादुरुस्ती कशी करावी यावर केंद्र व प्रांतांचे एकमत होईना, म्हणून तो अधिकार १९८२पर्यंत ब्रिटिश संसदेकडेच राहिला, हे मला मोठे विलक्षण वाटते.

या मतभेदात फ्रेंच भाषकांच्या क्वेबेक प्रांताचा वाटा मोठा होता. पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ साली आपला खानदेश इंग्रजांकडे गेला. क्वेबेक त्याआधीच, १७६३च्या पॅरिस तहाने, फ्रान्सकडून त्यांच्याकडे आले होते. तेथील फ्रेंच भाषकांना दुखवणे परवडणारे नसल्याने १७७४च्या कायद्याने कॅथलिक धर्माचरणाची मुभा देण्यात आली आणि फ्रेंच दिवाणी कायदा पुन्हा लागू करण्यात आला. (मूळनिवासींना मात्र कोणी विचारले नाही.) घटनादुरुस्तीचा अधिकार कॅनडाकडे आणणाऱ्या १९८२च्या घटनेला क्वेबेक सरकारने आजतागायत औपचारिक संमती दिलेली नाही, तरीही ती तेथे लागू आहे.