मळ्यातले स्वस्त घर आणि कलम सात

ताळगावात भाड्याने राहणाऱ्या एका शिक्षक जोडप्याचे पत्र आले आहे. पणजीच्या मळ्यात, मारुतीच्या देवळापासून जवळच, 58 चौरस मीटरचे जुने कौलारू घर त्यांनी 46 लाखांना ठरवले. ॲग्रीमेंट होऊन दोन वर्षे आठ महिने झाले, 9 लाख देऊन झाले, सेल डीड (खरेदीखत) अजून नाही. फॉर्म डीवर, म्हणजे शहरी मालमत्तेच्या सरकारी नोंदीवर, विक्रेत्याच्या दिवंगत वडिलांचे नाव आहे. ‘वडिलांनी घर मृत्युपत्राने मला दिले,’ असे विक्रेता सांगतो. त्याची आई म्हापशाला मुलीकडे असते, धाकटा भाऊ लिस्बनला स्थायिक झाला आहे. बँकेने कर्ज नाकारले. इंजिनियरच्या मते भिंती भक्कम आहेत, वासे आणि रिपा तेवढ्या बदलाव्या लागतील. असा भाव पुन्हा मिळणार नाही, तेव्हा नातेवाइकांकडून उसने घेऊन उरलेली रक्कम भरावी का, असे ते विचारतात.

भरू नये. आज एक रुपयासुद्धा देऊ नका.

अशी पत्रे मळ्यातून येतात, सांतइनेजमधून येतात, म्हापसा-मडगावच्या जुन्या वाड्यांतूनही येतात. घर बघायला जाताना लोक मिस्त्री नेतात, वाळवी बघतात, पावसाळ्यात ओल कुठपर्यंत चढते ते विचारतात. शेजारच्या घरांपेक्षा हेच इतके स्वस्त का, हे मात्र कोणी विचारत नाही. तुमच्या बाबतीत उत्तर तुमच्याच ॲग्रीमेंटमध्ये आहे. मालकीचा शोध, चलता क्रमांक (शहर मोजणीतला मालमत्तेचा क्रमांक), बोजा यांविषयी मी लिहीत बसत नाही. ते काम बँकेच्या वकिलाने केले आहे आणि त्यांचा अहवाल नीट आहे. तो वाचून तुम्ही तिथेच थांबायला हवे होते. ‘बँकवाले उगाच खोड काढतात’ हे विक्रेत्याचे म्हणणे तुम्ही पत्रात खरे मानून लिहिले आहे. बँक तिच्या पैशांची काळजी घेत होती, तुम्ही तुमच्या पैशांची घेतली नाही.

आता कलम सात. ‘विक्रेता सर्व संबंधितांच्या सह्या मिळवून आजपासून सहा महिन्यांत, किंवा अशा सह्या मिळाल्यावर, यांपैकी जे नंतर घडेल तेव्हा, सेल डीड करून देईल.’ तुमचे सगळे प्रकरण ‘जे नंतर घडेल’ या शब्दांवर उभे आहे. सह्या कधी मिळवायच्या याला मुदत नाही. न मिळाल्यास पैसे किती दिवसांत परत करायचे, तेही लिहिलेले नाही. ‘सर्व संबंधित’ म्हणजे कोण, त्यांची नावे नाहीत. विक्रेत्याला घाई करण्याचे कारणच उरलेले नाही. तुमचे 9 लाख त्याच्याकडे, घर त्याच्याकडे, आणि मुदत संपली की नाही यावर तो वाद घालू शकतो.

याहून मोठा धोका तुमच्या बाजूला आहे. ॲग्रीमेंट पुरे करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात जायला 1963च्या मुदतीच्या कायद्यात, अनुच्छेद 54 प्रमाणे, तीन वर्षे मिळतात. करारात तारीख ठरलेली असेल तर ती तीन वर्षे त्या तारखेपासून मोजतात. तारीख ठरलेली नसेल तर समोरच्याने नकार दिला हे तुम्हाला कळले तेव्हापासून. तुमच्या कलमात दोन्ही आहे, आणि तुम्ही सोयीचे तेवढे वाचले: ‘सह्या मिळेपर्यंत आमची मुदत सुरूच होत नाही ना?’ हा युक्तिवाद करता येईल, टिकेलही कदाचित. पण समोरचा वकील सहा महिन्यांवर बोट ठेवेल. ते सहा महिने संपून दोन वर्षे दोन महिने झाले. त्या हिशेबाने तुमच्या हातात दहा महिने आहेत. शिवाय ‘भाऊ सही करायला तयार नाही’ हा विक्रेत्याचा गेल्या वर्षीचा व्हॉट्सॲप संदेश तुम्ही स्वतःच मला पाठवला आहे. तो नकार मानायचा की नाही यावरही वाद होईल. म्हणून दहा महिनेच आहेत असे धरून चाला. वकिलाची नोटीस पाठवली म्हणजे मुदत थांबते असा समज गोव्यात फार पसरलेला आहे. थांबत नाही. दावा दाखल झाला तरच थांबते. नोटिशीला उत्तर, उत्तराला प्रत्युत्तर, मग चतुर्थी, मग नाताळ, असे करत तीन वर्षे घालवलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणाला काही करता आलेले नाही.

विक्रेता म्हणतो त्याप्रमाणे मृत्युपत्र असेलच असे धरू. तरी घर त्याचे होत नाही. गोव्यात विवाहपूर्व करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, माहेरची, सासरची, वारशाने आलेली, सगळी. म्हणजे या घराचा अर्धा भाग आईचा आहे, आणि तो मृत्युपत्राने देणे वडिलांच्या हातात कधीच नव्हते. उरलेल्या अर्ध्यातही मुले असताना वडिलांना मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेचा निम्माच भाग हवा तसा देता येतो. निम्मा मुलांचा राखीव. वडिलांकडे या घराखेरीज काही नव्हते, असे तुम्ही लिहिता म्हणून हिशेब सरळ आहे: मृत्युपत्राने एक चतुर्थांश, राखीव चतुर्थांशातून तिसरा हिस्सा म्हणजे बारावा भाग, असा एकूण एक तृतीयांश विक्रेत्याचा. आईचा अर्धा, भाऊ आणि बहीण यांचा प्रत्येकी बारावा भाग. मृत्युपत्राची प्रत मी पाहिलेली नाही, आकडे थोडे हलू शकतील. पण आईचा अर्धा हलत नाही. ज्याच्या हाती फार तर तिसरा हिस्सा आहे, त्याच्याकडून तुम्ही आख्खे घर ठरवले.

आता सह्या मोजा. आई, विक्रेता आणि त्याची पत्नी, भाऊ आणि त्याची पत्नी, बहीण आणि तिचा नवरा. वारशाचा हिस्साही त्या त्या जोडप्याचा सामाईक असल्यामुळे जावई आणि सुना यातून सुटत नाहीत. ॲग्रीमेंटवर सही एकट्या विक्रेत्याची आहे. त्याच्या पत्नीचीसुद्धा नाही, आणि हे सही करताना समोर दिसत होते. ‘बहीण हक्क सोडायला तयार आहे’ असे तुम्हाला स्टॅम्प पेपरवर लिहून दिले आहे. त्या कागदावर विसंबू नका. वारसा सोडायचा असेल तर तो सरकारच्या विशेष नोटरीपुढे रीतसर दस्ताने आणि नवऱ्याच्या संमतीने सोडावा लागतो. आणि तो अमुक एका भावाच्या पदरात टाकता येत नाही.

म्हणून पुढच्या दोन महिन्यांत एकच गोष्ट करून घ्या: पुरवणी ॲग्रीमेंट. त्यात वरच्या सातही जणांची नावे आणि सह्या असाव्यात. सेल डीडची एक निश्चित तारीख असावी, ‘किंवा’ हा शब्दच नसावा. वारसांचा डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस कोण ते नोंदवणारा दस्त, कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत करायचा, ते लिहा. तारीख टळली तर 9 लाख व्याजासह किती दिवसांत परत, तेही लिहा. मुद्रांक शुल्क पूर्ण भरून दस्त नोंदवा. अपुऱ्या स्टॅम्पचा कागद दंड भरल्याशिवाय न्यायालय पुरावा म्हणून घेत नाही, आणि तुमचा मूळ कागद त्या बाबतीत मला ठीक दिसत नाही.

सर्वांत आधी आईची सही. त्या 84 वर्षांच्या आहेत. प्रवास झेपत नसेल तर योग्य कारण दाखवून सब-रजिस्ट्रारना घरी बोलावण्याची सोय नोंदणी कायद्यात आहे, ती मागा. लिस्बनच्या भावाला इथे येण्याची गरज नाही, त्याने आणि त्याच्या पत्नीने मुखत्यारपत्र दिले तरी चालते. ते तिथल्या भारतीय दूतावासात किंवा अपोस्टिल (दुसऱ्या देशात चालणारा तिथल्या सरकारचा शिक्का) करून साक्षांकित करावे लागते, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प भरावा लागतो. कुरिअर आले, कपाटात राहिले, चौथ्या महिन्यात आठवले, असे होऊ देऊ नका. परदेशस्थ भावाच्या हिश्शाच्या रकमेतून कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदार म्हणून तुमची असते. घराची किंमत 50 लाखांखाली आहे म्हणून ती टळत नाही. त्याचे गणित चार्टर्ड अकाउंटंटकडून घ्या.

आणि भाऊ ‘नाही’ म्हणाला तर? मग न्यायालयातली इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचे प्रकरण, आणि तिथे मला तुम्हाला धीर देता येत नाही. परदेशातल्या एका वारसाला समन्स बजावण्यातच वर्ष जाते. तारखा पडतात, न्यायाधीश बदलतात, मूल्यांकनावर हरकती येतात. एवढे होऊन घर कोणाला द्यायचे यावर एकमत झाले नाही तर वारसांमध्ये आपसात बोली लागते, आणि त्या बोलीत बाहेरच्या माणसाला, म्हणजे तुम्हाला, जागा नसते. घर बहिणीने घेतले तर तुमचा विक्रेता पैसे घेऊन मोकळा होईल आणि तुमचे ॲग्रीमेंट ज्या घराचे होते ते त्याच्याकडे उरणारच नाही. ‘इन्व्हेंटरी होईपर्यंत थांबा’ हा त्याचा सल्ला त्याच्या सोयीचा आहे. तुमचे दहा महिने त्यात सहज संपतील.

पुरवणी ॲग्रीमेंट दोन महिन्यांत जमले नाही आणि सहा महिन्यांतही झाले नाही, तर दावा दाखल करा. न सही केलेल्या वारसांवर न्यायालय तुमचा करार लादणार नाही, हे आधीच सांगतो. म्हणून दाव्यात पर्यायी मागणी पैशांच्या परताव्याची, व्याजाची आणि त्या रकमेचा विक्रेत्याच्या हिश्शावर बोजा ठेवण्याची असली पाहिजे. ती न मागता गेलात तर परतावा सहसा आपणहून मिळत नाही. ‘निदान याचा तिसरा हिस्सा तरी घेऊन ठेवतो’ असा विचार पत्राच्या शेवटी डोकावतो. तो सोडा. कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घरात हिस्सा विकत घेणाऱ्या परक्याला आत राहण्याचा हक्क मिळत नाही, आणि घरचे लोक त्याचा हिस्सा मूल्यांकनाने विकत घ्यायला मागू शकतात.

दाव्यात तुम्हाला आणखी एक सिद्ध करावे लागेल: उरलेले 37 लाख देण्याची तुमची तयारी आणि ऐपत सतत होती. इथे बँकेचा नकार तुमच्यावर उलटू शकतो. बँकेने कर्ज तुमच्या पगारामुळे नाकारले की घराच्या कागदांमुळे, ते बँकेकडून लेखी घ्या. याच आठवड्यात घ्या, अधिकारी बदलण्याआधी.

गेल्या वर्षी, मुदत टळल्यानंतर, तुम्ही या 9 लाखांतले दीड लाख दिले आणि तेही रोख. का दिले, हे मला समजलेले नाही. पण त्याची पावती विक्रेत्याच्या सहीची असेल आणि तीवर ॲग्रीमेंटची तारीख असेल, तर मुदतीच्या वादात तिचा थोडाफार उपयोग होऊ शकतो. तिची मूळ प्रत जपा. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त ॲडव्हान्स रोख घेणे कायद्याला मान्य नाही आणि त्याचा दंड घेणाऱ्याला होतो. परतावा घ्यायची वेळ आली तर तुम्हीही तो रोख घेऊ नका.

बाकीचे थोडक्यात. मागच्या पडवीत राहणाऱ्या वृद्ध बाई ‘जातील’ असे विक्रेता म्हणतो. त्या कोणत्या हक्काने राहतात ते आधी ठरवा. भाडेकरू असतील तर 1968चा भाडे नियंत्रण कायदा लागेल, मुंडकार (मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे) म्हणत असतील तर 1975चा, आणि दोन्हीत सेल डीड झाले म्हणून त्या बाहेर पडत नाहीत. त्यांना स्वतः भेटून विचारा, विक्रेत्याला सोबत न घेता. मळा संवर्धन क्षेत्रात येतो. दर्शनी भाग, छपराची उंची यांत काही बदल करायचा तर परवानगी वेगळी लागेल, आणि वरचा मजला चढवायचा बेत असेल तर तो मनातून काढून मगच घराची किंमत करा. चौकशी पणजी महापालिकेत आणि नगरनियोजन खात्यात, दोन्हीकडे करा.

कागद पाठवताना ॲग्रीमेंटची मागची बाजू राहिली आहे, स्टॅम्पचा शिक्का तिथे असतो. ती, मृत्युपत्राची प्रत आणि दीड लाखांची पावती घेऊन या दोन आठवड्यांत पणजीतल्या एखाद्या दिवाणी वकिलाकडे जा, आणि बसताच त्यांना पहिल्यांदा कलम सात वाचायला द्या.