छताचं कापड लोंबतंय? आधी गोंदाचा डबा खाली ठेवा

जुन्या गाड्यांच्या आतल्या कामाबद्दल प्रश्न येतात, तेव्हा त्यातले बहुतेक एकाच वाक्यावर संपतात: 'कुठला गोंद वापरू?' कशाला काय चिकटवायचंय, हे मात्र क्वचितच कोणी लिहितं.

प्रश्न : डॅशबोर्डवरचं लाकडी व्हिनिअर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) एका कोपऱ्यात उचललंय. सुतारकामाचा पांढरा गोंद चालेल का?

नाही. उष्णतेने तो मऊ पडतो. मूळ काम सरसाने केलेलं असेल तर तो ऊब आणि ओलावा देऊन सोडवता येतो आणि पुन्हा लावता येतो, म्हणून आधी जुन्या लाकूडकामाच्या जाणकाराला दाखवा.

प्रश्न : मीटरच्या पारदर्शक प्लॅस्टिकला तडा गेलाय. इन्स्टंट ग्लूचा एक थेंब पुरेल ना?

पुरेल, काच पांढुरकी करायला. त्याच्या वाफेने प्लॅस्टिक धुरकट होतं. हात लावू नका.

प्रश्न : छताचं कापड डोक्यावर लोंबतंय. 'उष्णतारोधक' स्प्रे दोनदा मारला, महिन्याभरात पुन्हा खाली. दुकानदार म्हणतो, आता त्याहून महागडा घ्या.

दुकानदार तेच म्हणणार. गोंद नापास झालेलाच नाही, फोम झालाय. कापडाच्या पाठीला पॉलियुरेथेन फोमचा पातळ थर असतो. उष्णता आणि दमटपणाने त्याचा भुगा होतो. तुम्ही कापड त्या भुग्याला चिकटवलंत, आणि भुगा तर पाट्याला, म्हणजे कापडामागच्या छताच्या कडक तक्त्याला, धरून राहिलेला नाही. मग स्प्रे कितीही भारी असो.

पाटा काढा आणि भुग्याचा शेवटचा कण जाईपर्यंत ब्रशने घासा. हे किचकट काम आहे, आणि सगळे नेमके इथेच घाई करतात. जुनं कापड पुन्हा लावू नका, नव्या फोमचं आणा. डब्यावर 'उष्णतारोधक' या शब्दापुढे अंशांचा आकडा आहे का ते बघा; नसेल तर तो शब्द नुसती सजावट समजा. उन्हात बंद उभ्या गाडीचं छत ७० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातं.

संपर्क गोंद असेल तर तो दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं. किती मिनिटं, ते डब्यावर लिहिलेलं असतं. ओल्या गोंदावर कापड दाबलंत तर द्रावक (गोंद पातळ ठेवणारा, उडून जाणारा द्रव) आत कोंडतो आणि फुगे येतात. उलट, एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून मधून सुरुवात करून कडांकडे जा आणि सोबत दुसरा माणूस घ्या. दारं उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. या वाफा पेट घेतात.

आणि हे सगळं तुमचं छत पाट्याचं असेल तरच. पुष्कळ जुन्या गाड्यांत कापड तारांच्या कमानींवर ताणलेलं असतं, गोंद फक्त कडांना. तसं असेल तर गादीकाम करणाऱ्या अनुभवी कारागिराकडेच जा.

प्रश्न : दाराच्या पॅडवर नवं रेक्झीन लावलं. सहा महिन्यांत कडा सुटल्या, आतला गोंद चिकचिकीत झालाय.

रेक्झीन म्हणजे व्हिनाइलचा थर दिलेलं कापड. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर असतो. तो हळूहळू झिरपून साध्या रबरी गोंदाला ढिला करतो. व्हिनाइलसाठी बनवलेला, प्लॅस्टिसायझरला दाद न देणारा गोंद घ्या. पुरवठादाराला हाच शब्द सांगून विचारा. तो गोंधळला तर दुसरा पुरवठादार गाठा.

प्रश्न : कार्पेटखालचे जुने पॅड आणि काळा चिकटा खरवडून काढू? मित्र म्हणतो ग्राइंडर लाव.

मित्राला जरा लांब ठेवा. काही जुन्या गाड्यांच्या आवाजरोधक आणि उष्णतारोधक थरांत ॲस्बेस्टॉस असतं. ते कोरडं घासलं की धुळीतून फुप्फुसात जातं. नमुना तपासून घेतल्याशिवाय पत्र्याला पटाशी लावू नका, ग्राइंडर तर नाहीच. तोवर कार्पेट जसं आहे तसंच राहू द्या.