मेसेज ब्रोकर बदलता येईल अशी डॉक्युमेंट इन्जेशनची व्यवस्था कशी बांधावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्लॅटफॉर्मवर पीडीएफ, वर्ड फाइल्स येतात, त्यांतला मजकूर काढून शोधासाठी इंडेक्स होतो (हेच इन्जेशन). ही कामं मेसेज ब्रोकरमार्फत, म्हणजे कामांचे निरोप रांगेत ठेवून ती करणाऱ्या प्रोग्रॅमकडे (कन्झ्युमर किंवा वर्कर) पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत, वाटली जातात. सध्या रॅबिटएमक्यू आहे, पण काही ग्राहकांना काफ्का हवं, काहींना ॲमेझॉनचं एसक्यूएस. मध्ये एक इंटरफेस टाकला की भागेल का?

इंटरफेस हा यातला सोपा भाग. पाठवा, घ्या, झालं म्हणून कळवा, नापास करा, एवढी चार फंक्शन्स पुरतात. घोळ होतो तो ‘झालं’ या फंक्शनपाशी. रॅबिटएमक्यूत प्रत्येक मेसेजची पोच वेगळी देता येते. काफ्काच्या नेहमीच्या कन्झ्युमर ग्रुपमध्ये (मिळून काम वाटून घेणारे कन्झ्युमर) फक्त ऑफसेट, म्हणजे ‘इथपर्यंत वाचलं’ ही खूण, पुढे सरकतो, म्हणजे ४१ नंबरचा मेसेज अडला आणि तुम्ही ४२ कमिट केला, की ४१ ग्रुपच्या लेखी झालाच. एसक्यूएसमध्ये मेसेज ठरावीक वेळ लपतो आणि तेवढ्यात डिलीट केला नाही तर पुन्हा दिसायला लागतो.

म्हणून माझा आग्रह एकच असतो: दस्तऐवज कुठल्या पायरीवर आहे याची नोंद तुमच्या डेटाबेसमध्ये ठेवा, ब्रोकरवर सोडू नका. ब्रोकरनं फक्त ‘हे काम बघ’ एवढं सांगावं. कितव्यांदा प्रयत्न चाललाय, पुढचा केव्हा करायचा, हेही टेबलात. एसक्यूएस मेसेज किती वेळा दिला ते साधारण सांगतं, रॅबिटच्या क्वोरम क्यूमध्ये (अनेक सर्व्हरवर प्रती ठेवणारी रांग) मोजणी मिळते, जुन्या साध्या क्लासिक क्यूमध्ये फक्त ‘पुन्हा दिलाय’ एवढी खूण, आणि काफ्काचा नेहमीचा कन्झ्युमर यातलं काहीच देत नाही. उशिरानं पाठवण्याचंही तसंच: एसक्यूएसची मर्यादा १५ मिनिटं. त्यामुळे पुढच्या प्रयत्नाची वेळ टेबलात लिहून एक छोटा शेड्युलर चालवणं कुठल्याही ब्रोकरवर चालतं.

फाइल मेसेजमध्ये घालू नका. काफ्का आणि नॅट्स (आणखी एक ब्रोकर) दोन्हींची मूळ मर्यादा साधारण १ एमबी आहे. फाइल ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये (फाइल्स साठवण्याची वेगळी सेवा) ठेवा. मेसेजमध्ये दस्तऐवजाचा आयडी, आवृत्ती, स्टोअरमधली की, शा-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा), पायरीचं नाव आणि मेसेजच्या रचनेचा नंबर, बस्स.

आता वेळेच्या मर्यादा. सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. समजा काफ्काचा कन्झ्युमर एका पोलमध्ये, म्हणजे एका मागणीत, ५०० मेसेज उचलतो (मूळ सेटिंग तेवढंच आहे) आणि प्रत्येकाला ओसीआरसाठी (चित्रातला मजकूर ओळखणं) २ सेकंद लागतात. झाले १००० सेकंद. दोन पोलमधलं कमाल अंतर मुळात ३०० सेकंद. कन्झ्युमर ग्रुपबाहेर फेकला जातो, रीबॅलन्स होतो, म्हणजे कामाची फेरवाटणी होते, तेच मेसेज दुसऱ्याकडे जातात आणि तोही तिथेच अडकतो. सीपीयू जोरात, इंडेक्स जिथल्या तिथे. रॅबिटएमक्यूत पोच न देण्याची मुभा मुळात ३० मिनिटं असते. ५०० पानांचं स्कॅन, पानाला ४ सेकंद धरले तर २००० सेकंद होतात, ब्रोकरशी जोडलेलं चॅनल बंद पडतं आणि काम पहिल्यापासून. एसक्यूएसमध्ये मेसेज लपण्याची मूळ मुदत तर ३० सेकंदांचीच. टाइमआउट वाढवत बसू नका, काम लहान करा: एक मेसेज, एक पान.

पानं वेगळी केली की ‘सगळी झाली का?’ हे ठरवावं लागतं. इथे काउंटर एकानं वाढवायचा मोह होतो, पण तोच मेसेज दोनदा आला तर काउंटरही दोनदा वाढतो आणि एक पान राहिलेलं असतानाच दस्तऐवज पूर्ण दिसतो. त्याऐवजी दस्तऐवज, आवृत्ती आणि पान यांवर युनिक की असलेली ओळ घाला आणि ओळी मोजा. इंडेक्ससाठी मजकुराचे जे तुकडे पाडता, त्यांचे आयडीही हॅश, पान, तुकड्याचा क्रमांक यांतूनच बनवा, म्हणजे दुसऱ्यांदा लिहिलं तरी जुन्यावरच लिहिलं जाईल.

क्रमावर विसंबू नका. काफ्कात तो पार्टिशनपुरता (रांगेच्या एका भागापुरता) मिळतो. रॅबिटच्या एका क्यूवर अनेक वर्कर लावले की काम त्याच क्रमानं संपेल याची हमी नाही. लिहिताना आवृत्ती तपासा, जुनी असेल तर सोडून द्या. डिलीटसाठी ओळ उडवू नका, ‘काढलेला’ अशी खूण ठेवा. नाहीतर मागे रेंगाळलेला वर्कर काढलेला दस्तऐवज पुन्हा इंडेक्समध्ये घालतो.

चुकांचे दोन प्रकार ॲडॅप्टरच्या (त्या इंटरफेसमागचा, एकेका ब्रोकरशी बोलणारा कोड) वरच वेगळे करा. ओसीआर सर्व्हिस बंद असेल तर थांबून पुन्हा. पासवर्ड लावलेली पीडीएफ शंभरदा वाचली तरी उघडणार नाही. ती लगेच नापास करून वापरणाऱ्याला कारण दाखवा.

पाठवण्याच्या बाजूला आउटबॉक्स टेबल (पाठवायच्या मेसेजचं टेबल) ठेवा: दस्तऐवजाची ओळ आणि मेसेज एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही लिहिले जातील किंवा एकही नाही, मग वेगळा प्रोसेस तो ब्रोकरकडे ढकलतो. लहान ग्राहकाला तर पोस्टग्रेस डेटाबेसच्या ‘स्किप लॉक्ड’वर (दुसऱ्यानं धरलेल्या ओळी सोडून पुढची घेणं) चालणारा ॲडॅप्टर पुरतो, ब्रोकर हवाच असं नाही.

चाचण्यांचा एकच संच सगळ्या ॲडॅप्टरवर, खऱ्या ब्रोकरचे कंटेनर उभे करून चालवा. त्यात पोच देण्याआधी वर्कर मारणं, तोच मेसेज दोनदा देणं, उलटा क्रम आणि मुदतीपेक्षा लांबलेलं काम हवंच. मेमरीतल्या नकली ब्रोकरवर हे सगळं पास होतं, त्यावर जाऊ नका.

प्रत्यक्ष बदलताना आधी नव्या ब्रोकरवर कन्झ्युमर उभे करा, मग आउटबॉक्सचा रोख तिकडे वळवा. जुने कन्झ्युमर जुनी रांग संपेपर्यंत चालू द्या आणि बंद करण्याआधी तिथली डेड लेटर रांगही (नापास झालेले मेसेज जिथे साठतात ती) उघडून पाहा. ती बघायची हमखास राहते.