मुंबईत स्लो कुकरमध्ये पोटभरीचे बीफ-नूडल सूप कसे करावे?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. बहिणीने अमेरिकेहून पाठवलेला स्लो कुकर, म्हणजे मंद उष्णतेवर अनेक तास शिजवणारे विजेचे भांडे, मुंबईत चालेल का, त्यात सूप करायचे तर येथे बीफ कोणते घ्यावे, आणि सगळे साहित्य सकाळी एकदम भांड्यात घातल्यावर बहिणीच्या घरी झाला तसा नूडल्सचा लगदा टाळता येईल का. या उपकरणाला एकच काम फार चांगले जमते, ते म्हणजे चिवट मांस मऊ करणे आणि हाडांतला रस पाण्यात उतरवणे. मांस परतणे, नूडल्स शिजवणे आणि चव जुळवणे ही कामे त्याच्याकडून करून घेऊ नयेत, एवढे पाळले तर सूप बिघडण्याचे फारसे कारण उरत नाही.

आधी विजेचे पाहू. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची असते, आपली २३० व्होल्टची. स्लो कुकरमध्ये तापणारी तार असते आणि अशा तारेला जवळजवळ दुप्पट दाब मिळाला की तिची उष्णता दुप्पट न होता पावणेचार पटींच्या आसपास जाते, म्हणजे कुकर लवकरच जळू शकतो. बाजारात मिळणारी पिन बदलणारी छोटी जोडणी केवळ पिनेचा आकार बदलते, व्होल्टेज नव्हे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे कुकरच्या तळाशी लिहिलेले आकडे वाचावेत आणि तेथे फक्त १२० व्होल्ट असेल तर लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या विजेच्या वस्तूंच्या दुकानातून स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर घ्यावा. कुकर २५० वॉटचा असेल तर ट्रान्सफॉर्मर ५०० वॉटचा घेणे शहाणपणाचे, कारण तो सलग आठ-नऊ तास चालणार आहे. कुकर डिजिटल असेल तर ट्रान्सफॉर्मर लावूनही त्याचे घड्याळ चुकू शकते, साध्या बटणाचा असेल तर हा प्रश्न नाही. माझे मत विचाराल तर तो जड ट्रान्सफॉर्मर ओट्यावर कायमचा मांडून ठेवण्यापेक्षा येथलाच २३० व्होल्टचा कुकर घेणे बरे. पण भेट आलेली वस्तू वापरण्याचा आग्रह मी समजू शकतो. विजेचा खर्च मात्र क्षुल्लक आहे: २०० वॉटचा कुकर आठ तास चालला तर १.६ युनिट जळतात.

आता मांसाचे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी आहे आणि २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने बैल व वळूही त्या बंदीत आले. म्हणून मुंबईत आपल्याला रीतसर मिळते ते म्हशीचे किंवा रेड्याचे मांस, आणि येथल्या उपाहारगृहांतही ‘बीफ’ म्हणून बहुधा तेच असते. परवानाधारक दुकानातूनच घ्यावे, हे सांगायला नको. अमेरिकी पाककृतीतले मांस गोवंशाचे आणि चरबीदार असते. म्हशीचे मांस त्याहून गडद रंगाचे व कमी चरबीचे असते, त्याच्या चरबीचा रंगही पिवळसर नसून पांढरा असतो, आणि जनावर वयस्क असेल तर धागा बराच चिवट असतो. सूपच्या दृष्टीने हा दोष नसून गुण आहे. चिवटपणा ज्या कोलॅजन नावाच्या प्रथिनामुळे येतो, तेच कोलॅजन साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे पाण्यात तासन्‌तास राहिले की विरघळून जिलेटिन होते आणि सूपला ओठांना जाणवणारा दाटपणा देते.

दुकानात ‘अंडरकट’ मागू नका. तो सर्वांत महाग आणि सर्वांत कोवळा भाग आहे, तो तव्यावर पाच मिनिटांत व्हावा यासाठीच असतो, आणि आठ तास शिजवल्यास त्याचा कोरडा भुसा होतो. सीना (छातीचा भाग), मानेचा भाग किंवा पायाच्या पोटरीचे मांस मागावे आणि सोबत मगज असलेली नळी कापून घ्यावी. तुकडे मोठे, साधारण चार सेंटिमीटरचे करून मागावेत, कारण रश्शासाठी करतात तसे लहान तुकडे इतक्या वेळात सुटून दोऱ्यांसारखे होतात. येथे मांस बहुधा त्याच पहाटेचे असते, आणि ताजेपणाचे आपल्याला कौतुक असले तरी जनावर कापल्यावर काही तासांनी स्नायू आखडतात व ते सैल पडायला एखादा दिवस लागतो. शनिवारी आणून फ्रिजमध्ये झाकून ठेवावे आणि रविवारी शिजवावे. गोठलेले मांस मात्र थेट कुकरमध्ये घालू नये. हे भांडे इतके सावकाश तापते की मांस बराच वेळ जंतू वाढण्याच्या तापमानात पडून राहते. ज्या घरांत म्हशीचे मांस खात नाहीत, तेथे बोकडाच्या नळ्या आणि सीना घेऊन हेच सूप होते, फक्त वेळ दोन-तीन तासांनी कमी करावा.

साडेचार लिटरच्या कुकरसाठी पाऊण किलो मांस, तीन-चारशे ग्रॅम नळी, दोन मोठे कांदे, तीन गाजरे, दोन बटाटे, सेलरीचे चार-पाच देठ, आठ लसूण पाकळ्या आणि एक चमचा टोमॅटो प्युरी पुरते. येथे मिळणारी सेलरी बारीक देठांची आणि उग्र वासाची असते, म्हणून परदेशी पाककृतीत लिहिलेल्याच्या निम्मीच घ्यावी. क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा चायनीज गाड्यांना भाजी पुरवणाऱ्या कोणत्याही भाजीवाल्याकडे ती मिळते. तमालपत्राबाबतही सावध राहावे. परदेशी पाककृतीतली ‘बे’ची पाने वेगळ्या झाडाची असतात आणि आपल्या तमालपत्राला दालचिनी-लवंगेचा वास असतो, त्यामुळे दोन पाने आठ तास उकळत राहिली तर सूपला पुलावाचा वास येऊ लागतो. अर्धे पान पुरे. त्याखेरीज दहा मिरीदाणे आणि अर्धा चमचा सुका थाइम. गरम मसाला घालण्याचा मोह आवरावा, तो घालायचा असेल तर मग सरळ रस्साच करावा.

कुकरला हात लावण्यापूर्वी गॅसवर लोखंडी कढई किंवा जाड तवा चांगला तापवावा. मांस फडक्याने कोरडे पुसावे, थोड्या तेलावर चार-पाच तुकड्यांच्या घाण्यांनी दोन बाजूंनी गडद तपकिरी होईपर्यंत परतावे आणि एका घाण्यात कढईत गर्दी करू नये, नाहीतर मांस आपल्याच पाण्यात वाफेवर शिजते आणि रंग येत नाही. हा रंग व त्यासोबतची खमंग चव येण्यासाठी साधारण १४० अंशांची कोरडी उष्णता लागते, आणि पाणी भरलेल्या स्लो कुकरमध्ये तापमान कधीही १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे ही पायरी गाळली तर पुढच्या नऊ तासांत तिची भरपाई होत नाही. बहिणीचे सूप पाणचट लागल्याचे आपण लिहिले आहे, त्याचे मुख्य कारण बहुधा हेच. त्याच कढईत कांदा आणि टोमॅटो प्युरी परतून घ्यावी, मग कपभर पाणी ओतून तळाला चिकटलेला तपकिरी थर उलथन्याने खरवडावा आणि ते पाणी कुकरमध्ये घालावे. सूपचा अर्धा रंग त्या कपभर पाण्यात असतो.

भांड्याच्या तळाशी गाजर-बटाट्याचे मोठे तुकडे, त्यांवर नळी, त्यांवर मांस, असा क्रम ठेवावा. हे उलटे वाटते, पण या भांड्यात कंदभाज्या मांसापेक्षा मंद शिजतात आणि उष्णता कडेने व तळाने येते. पाणी गरम करून दीड लिटर घालावे. पातेल्यात रस्सा आटतो तसा तो येथे आटत नाही, झाकणावर जमलेली वाफ पुन्हा आत पडत राहते, म्हणून सवयीने जास्त पाणी ओतू नये आणि भांडे दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. मीठ सुरुवातीला दीड चमचाच. स्टॉकची वडी घालणार असाल तर तेवढेही नको. झाकण लावून ‘लो’वर नऊ तास किंवा ‘हाय’वर पाच तास ठेवावे. दोन्ही बटणांवर सूप शेवटी उकळीच्या जवळपासच पोहोचते, फरक तेथे पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा आहे. तरी म्हशीच्या मांसाला मी ‘लो’च सुचवीन. मध्येच झाकण उघडून ढवळण्याची आपली जी जात्याच सवय आहे ती येथे आड येते, कारण प्रत्येक वेळी निघून गेलेली उष्णता भरून यायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. अर्थात आठ-नऊ तास मांस शिजल्याचा वास जिन्यापर्यंत जातो, आणि काही सोसायट्यांत तो वास हा मोठाच विषय असतो, तेव्हा खिडकीचे आणि शेजाऱ्यांचे गणित आपले आपण जमवावे.

आपण कामावर असताना वीज गेली तर काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही. पण वसई-विरार किंवा बदलापूरकडे राहत असाल तर तो विचारायला हवा. साध्या बटणाचा कुकर वीज आल्यावर आपोआप पुन्हा सुरू होतो आणि मध्ये तीन तास बंद होता हे कळतही नाही. डिजिटल कुकर बरेचदा बंदच राहतो. वीज किती वेळ गेली होती हे निश्चित ठाऊक नसेल तर सूप शिजलेले दिसत असले तरी टाकून द्यावे. सुरुवातीला तरी सुटीच्या दिवशी, घरी असतानाच हे करावे, हे त्यातल्या त्यात सोयीचे.

काट्याने दाबताच मांसाचा तुकडा सुटत असेल तर ते झाले. नसेल तर आणखी तासभर ठेवावे. मांस कडक लागते तेव्हा बहुतेक वेळा ते जास्त नव्हे, कमी शिजलेले असते. नळ्या काढून त्यांतील मगज सूपमध्ये झटकावा, वर आलेली चरबी पळीने थोडी काढावी, सगळी नव्हे. मग एक चमचा वूस्टर सॉस किंवा सोया सॉस आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून त्यानंतरच मीठ पाहावे.

नूडल्स कुकरमध्ये घालूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. शेवटची वीस मिनिटे ‘हाय’वर घालण्याची पद्धत आहे आणि लगेच सगळे सूप संपणार असेल तर ती चालतेही, पण झाकण उघडल्याने तापमान उतरलेले असते, मैदा खळखळत्या पाण्यात शिजण्याऐवजी न उकळणाऱ्या पाण्यात भिजत राहतो, त्याची पिठी सुटून सूप गढूळ होते आणि दुसऱ्या दिवशी भांड्यात सूप न उरता फक्त फुगलेल्या नूडल्स उरतात. अमेरिकेत या सूपसाठी रुंद, अंडे घातलेल्या नूडल्स वापरतात. येथे किराणा दुकानात अंडे घातलेल्या हक्का नूडल्सची पाकिटे मिळतात. रुंद पट्टीच हवी असेल तर टॅलियाटेले पास्ता मोडून घालावा. सहा जणांसाठी सव्वादोनशे ग्रॅम पुरे. मोठ्या पातेल्यात भरपूर मिठाचे पाणी खळखळ उकळून त्यात पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी शिजवाव्यात, निथळून थेंबभर तेल चोळावे, वाढताना वाडग्यात नूडल्स घालून त्यांवर उकळते सूप ओतावे. राहिलेले कच्चेपण तेथेच जाते.

सूप उरले तर नूडल्स वेगळ्या डब्यात आणि सूप वेगळ्या, उथळ डब्यांत भरून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावे; मुंबईच्या उकाड्यात रात्रभर ओट्यावर ठेवण्याची चूक करू नये. कुकरचे चिनी मातीचे भांडेच फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी ते थेट तापवले तर तडकू शकते. सकाळी सूप थिजून वड्या पाडता येतील इतके घट्ट झालेले दिसले तर घाबरू नका, ते नळीतले आणि सीन्यातले जिलेटिन आहे आणि गॅसवर ठेवताच ते पुन्हा पातळ होते. गरम करताना मात्र कुकर वापरू नये, पातेल्यात पूर्ण उकळी आणावी आणि मगच नूडल्स घालाव्यात.