पावसाची सरासरी आणि तुझा पीएचडीचा विषय

चि. ...
अनेक आशीर्वाद.

पीएचडीसाठी तू पत्रात सुचवलेले तिन्ही विषय वाचले. गुणांवरून मशीन लर्निंगने निकालाचं भाकीत करायचा विषय सोडून दे, हे स्पष्टच सांगतो. कोण नापास होणार ते तुला दुसऱ्या-तिसऱ्या प्रॅक्टिकललाच कळतं. प्रोग्रॅमिंग शिकताना मूल नेमकं कुठे अडतं, हे आपल्याकडे फार थोड्यांनी बारकाईने पाहिलंय, आणि ते पाहायची जागा तुझी लॅबच आहे.

एक जुना प्रश्न घे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एलियट सोलोवे यांनी १९८० च्या दशकात तो वापरला होता: रोजच्या पावसाचे आकडे वाचत जा, ९९९९९ आला की थांब, सरासरी छाप. रत्नागिरी-देवरुखच्या मुलांना पाऊस शिकवावा लागत नाही, सरासरीही शाळेतच झालेली असते. तरीही बघ, कितीतरी जण ९९९९९ बेरजेत धरतील. कारण व्हाइलची, म्हणजे अट खरी असेपर्यंत त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या लूपची, अट तोंडाशी असते आणि त्यांनी वाचन आणि बेरीज दोन्ही आत, त्याच क्रमाने लिहिलेलं असतं. 'असं का लिहिलंस?' म्हणून शांतपणे विचार. काही जण सांगतील, ९९९९९ आला की लूप तिथल्या तिथे थांबणारच. म्हणजे त्यांच्या मनात ती अट सतत पहारा देत असते. कॉम्प्युटर मात्र ती फक्त फेरीच्या सुरुवातीला तपासतो. हीच समजूत सोलोवेंच्या गटाला त्या काळी पास्कल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या मुलांतही आढळली होती! आणखी एक: पहिलाच आकडा ९९९९९ दिला तर शून्याने भागायची वेळ येते, हे किती जणांना सुचतं तेही टिपून ठेव.

यासाठी मुलांचं प्रॅक्टिकलचं जर्नल उपयोगाचं नाही. सबमिशनच्या जर्नलमधे सगळ्यांचे प्रोग्रॅम बरोबरच असतात. पहिला, चुकलेला प्रयत्न जपून ठेव, तारखेसकट.

मुलं आळशी आहेत, असं स्टाफरूममधे ऐकशील. पण ही अडचण फक्त आपल्या मुलांची नाही. २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन आणि सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांची प्रोग्रॅमिंगची परीक्षा घेतली, तेव्हा ११० पैकी सरासरी २२.८९ गुण पडले होते. पुढे २००४ मध्ये रेमंड लिस्टर यांच्या गटाला सात देशांत असं दिसलं, की अनेकांना लिहून दिलेला छोटा कोड वाचून त्याचं आउटपुट काढणंही जड जातं. आपण मात्र पहिल्याच आठवड्यात लिहायला लावतो. आधी वाचायला दे. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेली रीत तुला फार उपयोगी पडेल: तयार प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून द्यायच्या आणि क्रम लावायला सांगायचा. कागदाच्या पट्ट्यांवर होतं, श्रावणात दुपारभर लाइट नसली तरी प्रॅक्टिकल वाया जात नाही.

मुलांना मराठीत बोलू दे. मंडणगड-गुहागरकडून मराठी माध्यमातून आलेली मुलगी ओरलला इंग्रजीत गप्प बसते, तिलाच 'ही ओळ काय करते गं?' म्हटलं की ती बोलायला लागते. तिचे शब्द जसेच्या तसे उतरवून घे, सुधारू नकोस. तुझ्या संशोधनाचा सगळ्यात मोलाचा भाग तोच असेल.

एका गोष्टीत मात्र कसूर नको. टर्मवर्कचे गुण तुझ्या हातात आहेत, त्यामुळे तुला 'नाही' म्हणायला मुलं कचरतील. संशोधनासाठी मुलांची संमती दुसऱ्या कुणालातरी घ्यायला सांग, आणि कुणी हो म्हटलं कुणी नाही, ते निकाल लागेपर्यंत तू पाहू नकोस. एका वर्गावरून मोठे निष्कर्षही काढू नकोस. साठ मुलं नीट समजून घेतलीस तरी पुष्कळ आहे.

गाइडसाठी लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात विचार, पण आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएचडी करता येते, तिकडचं कामही बघून घे. पहिल्या प्रॅक्टिकलचे कागद, नावं झाकून, गणपतीच्या सुट्टीआधी मला पाठव. कुठल्या चुका एका जातीच्या आणि कुठल्या वेगळ्या, ते मिळून ठरवू.

तुझे,
सर