कारखान्यात प्लग, रस्त्यावर उघडे कान

म्हापशाहून पुण्याला महिन्यातून दोनदा बाइकने जाता, परतल्यावर रात्रभर कानात शीळ वाजते, आणि आता महागडे हेल्मेट घ्यावे की हेल्मेटमधल्या इंटरकॉमचा आवाज वाढवावा, असे विचारले आहे. दोन्ही नंतर बघा. आधी कानात घालायचे फोमचे इअरप्लग आणा आणि पुढच्याच फेरीला घाला. इंटरकॉम वाढवणे तर मुळीच नको. वाऱ्याच्या वरताण गाणी लावली तर कानावर दोन्हींचा मारा होतो.

कळकळीने लिहितोय, कारण माझे नुकसान होऊन गेले आहे. मी गोव्यात कुंडईला एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या विभागात, 22 वर्षे होतो. आत प्लग सक्तीचे, आणि मी ते नेमाने घालायचो. शनिवारी पाळी सुटली की तेच प्लग लॉकरमध्ये टाकायचो आणि बुलेट काढून चोर्ला घाटातून बेळगाव गाठायचो, नाहीतर आंबोली चढून कोल्हापूर. एका जानेवारीत रात्री बायकोला विचारले, पाऊस नाही, काही नाही, हे रातकिडे एवढे कसे ओरडतायत? ती म्हणाली, कुठे ओरडतायत? ते रातकिडे आजही गेलेले नाहीत. कानाच्या तपासणीच्या आलेखात रेघ 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपाशी, खड्ड्यात उतरावी तशी खचलेली होती. डॉक्टरांनी विचारले, कामावर प्लग घालता, मग एवढा आवाज आणखी कुठे ऐकता? आता नात ‘साप’ म्हणाली की ‘ताप’, हे मला तिच्या तोंडाकडे बघून ठरवावे लागते. आतल्या कानातल्या त्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

आपण सगळे सायलेन्सरला दोष देतो, पण साधारण 60-70 च्या वेगापुढे इंजिनापेक्षा वाऱ्याचाच आवाज मोठा होतो. हेल्मेटच्या खालच्या कडेला, हनुवटी आणि मानेपाशी वारा फाटतो, भोवरे होतात आणि ते थेट कानाशी घोंघावतात. हेल्मेट डोके वाचवायला बनवलेले असते, आवाज अडवायला नाही. 100 च्या वेगाला चांगल्या फुल-फेस हेल्मेटमध्येही 95 ते 100 डेसिबल सहज भरतात. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशेब असा: 85 डेसिबल 8 तास चालतील, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 94 ला 1 तास आणि 100 ला फक्त 15 मिनिटे. तुमच्या वाटेत आंबोलीचा घाट कानांना त्रास देत नाही, तिथे वेगच नसतो. आजरा-उत्तूर करून निपाणीला हमरस्त्याला लागलात की पुढचे अडीचशेहून जास्त किलोमीटर कान खातात.

प्लग वेर्णा-कुंडईच्या आसपास सेफ्टीचे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात, ऑनलाइनही मिळतात, आणि हेल्मेटच्या मानाने अगदी किरकोळ पैशांत. किती डेसिबल आवाज कमी होतो, त्याचा 29 ते 33 असा आकडा पाकिटावर असतो. तो प्रयोगशाळेतला. रस्त्यावर 15 डेसिबल जरी कमी झाले तरी 100 चे 85 होतात, आणि 15 मिनिटांची मुभा 8 तासांची होते. कापसाच्या बोळ्यांनी यातले काहीच होत नाही.

पण घालायची रीत नीट शिका, बहुतेकांचे इथेच चुकते. हात धुवा. प्लग चिमटीत धरून गोल गोल वळत काडीसारखा बारीक करा, चुरगाळून घडी पाडू नका. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग प्लग आत सरकवून बोटाने दाबून धरा, 30 सेकंद. तो फुगत जातो तसा भोवतालचा आवाज दूर जातो, हे स्पष्ट जाणवते. नंतर दोन्ही तळवे कानांवर झाका. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही, काढून परत घाला. बाहेर डोकावत राहिलेला प्लग हेल्मेट चढवताना ओढला जातो. काढताना पिळत, सावकाश काढा.

हॉर्न ऐकू येणार नाही ही भीती मलाही होती. प्लग घातल्यावर वाराही तितकाच दबतो, त्यामुळे मागच्या ट्रकचा हॉर्न उलट वेगळा कळतो. इंटरकॉमही कमी आवाजात समजतो. फक्त पहिल्या दिवशी गावातल्या गावात फिरून सवय करा आणि आरशात जास्त वेळा बघा.

आपल्या पावसाळ्यात ओला, घामट प्लग परत कानात घालू नका, कानात बुरशी धरते. कोरडी डबी ठेवा, मळला की फेकून द्या. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर आधी डॉक्टर.

हेल्मेट मानेशी घट्ट बसणारे असावे, गळ्याला कापडी पट्टा घेतला तर खालून शिरणारा वारा कमी होतो. बाइकला पुढची काच लावली असेल तर मोकळ्या रस्त्यावर, आजूबाजूला वाहन नसताना, किंचित वाकून बघा. डोके खाली नेल्यावर गडगडाट थांबला, तर काचेच्या कडेचा भोवरा तुमच्या हेल्मेटवर आदळतोय, उंची बदलून घ्या.

आणि रात्रभर शीळ वाजते म्हणता, तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, आताच करून घ्या, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. आदल्या दिवशी गाडी काढू नका. ताज्या प्रवासाने आलेला तात्पुरता बधिरपणा आलेखात उतरतो आणि खरे किती गेले ते कळत नाही.