वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर नेमका कुठे बसवावा?

प्रश्न : माझ्या टर्बो पेट्रोल मोटारीत हवा आणि इंधन यांचे प्रमाण पाहण्यासाठी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवायचा आहे. एक मेकॅनिक तो मॅनिफोल्डवरच (सिलिंडरांमधून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांच्या जोडावरच) बसवायला सांगतो, तर दुसऱ्याच्या मते सायलेन्सरच्या टोकाला बसवला तरी चालेल. योग्य जागा कोणती?

उत्तर : या दोन्ही जागा टाळाव्यात. सेन्सर टर्बोनंतर (धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्यानंतर) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागाच्या) आधी, टर्बोपासून शक्यतो 60 ते 90 सेंटिमीटर अंतरावर असावा. दोहोंमध्ये एवढी जागा नसेल, तर मिळेल तितके अंतर राखावे. (टर्बो नसलेल्या इंजिनात सर्व सिलिंडरांच्या नळ्या एकत्र आल्यानंतरची जागा घ्यावी.)

टर्बोच्या आधी, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, वायूचा दाब बराच जास्त असतो आणि या सेन्सरचे मापन दाबानुसार बदलते. त्यामुळे रिच (इंधन जास्त असलेले) मिश्रण आहे त्याहून अधिक रिच आणि लीन (इंधन कमी असलेले) मिश्रण अधिक लीन दिसते. शिवाय तिथली उष्णता सेन्सरला सोसत नाही. प्रचलित बॉश एलएसयू 4.9 सेन्सरसाठी वायूचे तापमान 930 अंश सेल्सिअसच्या आणि पाना लावण्याच्या षटकोनी भागाचे 600 अंशांच्या आत राहावे लागते. याउलट सायलेन्सरच्या टोकाशी, विशेषतः आयडलिंगला, बाहेरची हवा नळीत मागे ओढली जाते आणि मिश्रण प्रत्यक्षात ठीक असूनही लीन भासते. शिवाय तिथे पोहोचलेल्या वायूवर कन्व्हर्टरची प्रक्रिया झालेली असते.

जागेइतकाच कोन महत्त्वाचा आहे, आणि नेमके तिकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. थंड इंजिन सुरू झाल्यावर एक्झॉस्टमध्ये पाणी साचते, तर सेन्सरमधील सिरॅमिक घटक हीटरमुळे सुमारे 780 अंशांपर्यंत तापलेला असतो. त्यावर पाण्याचा थेंब पडला, की त्याला तडा जाऊ शकतो. म्हणून सेन्सर नळीच्या वरच्या अर्ध्या भागात, आडव्या रेषेपासून किमान 10 अंश वर आणि टोक खाली झुकलेले राहील असा बसवावा. घड्याळाच्या तबकडीवर दहा ते दोन या आकड्यांमधला भाग त्यासाठी सोयीचा असतो. नळी जिथे खाली वाकून पाणी धरते, ती जागा टाळावी.

सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला कुठेही गळती असू नये, कारण फाटलेल्या गॅस्केटमधून किंवा लवचीक नळीच्या चिरेतून आत शिरणारी हवाही लीन आकडा दाखवते. मिसफायर होतानाही (म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण नीट पेटत नसतानाही) न जळलेल्या ऑक्सिजनमुळे असाच आकडा येतो. अशा आकड्यावर विसंबून इंधन वाढवत जाणे इंजिनासाठी आणि कन्व्हर्टरसाठी घातक आहे. तेव्हा ट्यूनिंगला हात घालण्यापूर्वी सर्व सांधे तपासून घ्यावेत, असा माझा आग्रह आहे.

सेन्सरसाठी एम 18 × 1.5 आट्यांचा बंग (सेन्सर बसवण्याची आट्यांची कडी) नळीला वेल्ड करावा लागतो. वेल्डिंगच्या वेळी सेन्सर काढून ठेवावा आणि आटे वाकडे होऊ नयेत म्हणून बंगात जुना प्लग (आट्यांचे बूच) बसवावा. नंतर सेन्सर 40 ते 60 न्यूटन-मीटर टॉर्कने आवळावा. गाडीचा मूळ सेन्सर मात्र काढू नये, कारण इंजिनाचा ईसीयू (इंधन नियंत्रित करणारा संगणक) त्याच्याच संकेतावर चालतो.

इंजिन चालू असेपर्यंत वाइडबँड सेन्सरच्या हीटरला वीज मिळत राहिली पाहिजे. तो थंड अवस्थेत एक्झॉस्टमध्ये राहिला तर काजळीने खराब होतो. वाइडबँड सेन्सर चालवणारा कंट्रोलर दुरुस्तीसाठी काढावा लागला, तर सेन्सरही काढून बंगाला प्लग लावावा.